मुठीतला रोडगा

पवनारला थंडी पडली हे कुणाला धाम नदीवरच्या धुक्यावरून कळतं, कुणाला पेटीतून काढलेल्या, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणाऱ्या स्वेटरवरून. मला ते माझ्या उजव्या हाताच्या करंगळीवरून कळतं. सकाळी जाग येते तेव्हा ती तळव्यात शिरून बसलेली असते, काडी टोचलेल्या गोगलगायीसारखी. तिच्या मागोमाग बाकीची बोटं. अंगठा सगळ्यांच्या आत, आणि मनगट खाली मान घातल्यासारखं वळलेलं. पांघरुणातून हा ऐवज बाहेर काढून मी त्याच्याकडे पाहतो आणि माझा दिवस किळसेनं सुरू होतो. लहानपणी आम्हाला शिकवलं होतं, उठल्या उठल्या आधी तळहाताचं दर्शन घ्यावं, तिथं देवांचा वास असतो. मागच्या हिवाळ्यात माझ्या तळहातातले सगळे देव आत कोंडले गेले होते, आणि वास मात्र होता.

हा लेख त्या वासाविषयी आहे. जेवताना वाचत असाल तर आधी जेवून घ्या.

आज सकाळी करंगळी आत गेली आणि थोड्या वेळानं नदीपलीकडच्या वावरातून गोवऱ्यांचा धूर आला. म्हणजे कुणीतरी रोडगे लावले. आमच्याकडे थंडीत वावरात पंगती होतात. जाड्या गव्हाच्या पिठाचे मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे, आणि वर झणझणीत वांग्याची भाजी ओतायची. वऱ्हाडी माणसाला या धुराचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं. मलाही सुटतं. पण ओकारी येण्याच्या आधी जे सुटतं, ते.

त्याला कारण माझे साडभाऊ देवराव. माझ्या बायकोच्या, सुमनच्या, धाकट्या बहिणीचे यजमान. राहतात अल्लीपूरला, शेती करतात, आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे उपाय असतो. त्यांना दोष देऊन मोकळं व्हावं असं मला फार वाटतं. पण या सगळ्या प्रकरणात त्यांच्यापेक्षा गाढव माणूस मीच होतो, हे तुम्हाला पुढे कळेलच, तेव्हा आत्ताच सांगून टाकतो.

झालं असं की मागच्या वर्षी भादव्यात मी वांग्याच्या वाफ्यात तण निंदायला बसलो होतो. हातातला विळा खाली पडला. मी उचलला, तो पुन्हा पडला. मी हाताला शिवी दिली. आता विचार करतो, आयुष्यभर ज्या हातानं वांगी तोडली, वर्ध्याच्या बाजारात भाजीच्या कट्ट्यावर पोती उतरवली, त्याला निरोप देताना माझ्या तोंडून निघालेला शब्द छापण्यासारखा नव्हता. मग पायही गेला आणि मी वांग्यांत आडवा झालो. अर्धांगाचा झटका. दवाखाना, सलाईन, सगळं झालं. पाय हळूहळू बऱ्यापैकी परत आला. वाचेला काही झालं नाही, हे घरच्यांचं दुर्दैव. उजवा हात तेवढा ओल्या टॉवेलासारखा खांद्याला लोंबकळत राहिला.

आजारी माणसाला भेटायला येणाऱ्यांची मला तेव्हापासून शिसारी बसली. केळी आणायची, माझ्या खाटेवर बसून त्यांतली निम्मी आपणच खायची, साली माझ्या उशाशी ठेवायच्या आणि म्हणायचं, ‘आमच्या काकाचा साळा होता, त्याले तुमच्यापेक्षा मोठा झटका आलता. आता पाह्यजा, बैलगाडी हाकते.’ मला आजवर तो काकाचा साळा कुठे भेटलेला नाही. पण प्रत्येकाच्या घराण्यात तो असतो आणि बैलगाडी हाकत असतो. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. मी हसलो. नंतर एका सकाळी, घरात कुणी नसताना, ते चोळूनही पाहिलं. तो चिकट, तपकिरी, माश्या घोंगावणारा हात घेऊन मी अंगणात बसलेलो असताना सुमन बाजारातून आली. तिनं बादली आणली आणि हात असा घासला जसा तळाशी करपलेला दुधाचा गंज घासतात.

आणि चेंडू. कुणीतरी रबरी चेंडू आणून दिला आणि म्हणालं, दाबत राहा, ताकद येईल. दिसायला शहाणपणाची गोष्ट. मी दाबायला लागलो. रेडिओ ऐकताना, चहा पिताना, शौचाला बसलो असताना. दिवाळीच्या सुमाराला एके दिवशी बोटं आपोआप वळली! मी न सांगता, न दाबता, मूठ झाली! मी ओरडलो, ‘सुमन, हात जिता झाला!’ आळीत पेढे वाटले. लोकांना दारात उभं राहून मूठ दाखवली. लोक म्हणाले, ‘वा, काय पकड आहे!’

ज्या गोष्टीचे मी पेढे वाटले ती सुधारणा नव्हती. ते दुखण्याचं पुढचं पाऊल होतं. झटक्यानंतर मेंदूचा लगाम सुटला की स्नायू आपल्याच हुकमानं आवळायला लागतात आणि आवळलेलेच राहतात. हे मला पुढे दवाखान्यात कळलं. तोवर मूठ इतकी घट्ट झाली होती की मी प्रेमानं दाबलेला तो चेंडू काढायला दोन माणसं लागली.

तर अशी ती मूठ घेऊन मी मार्गशीर्षात आमच्याच वावरातल्या रोडग्यांना बसलो. पंगत पडायची होती. विस्तवातून रोडगे निघत होते. देवराव माझ्याजवळ आले, मूठ हातात घेऊन तिचं निरीक्षण केलं, नखानं टोचून पाहिलं.

‘भाऊ, ह्याले शेक पायजे,’ ते म्हणाले. ‘आतून शेक. भाईरून शेकून काई होत नाई.’

‘आतून कसा देता बाप्पा?’

देवरावांनी विस्तवाकडे पाहिलं. मग माझ्या मुठीकडे पाहिलं. आकार बरोबर जमत होता.

इथं माझी जबाबदारी होती नाही म्हणायची. मी म्हणालो, ‘जरा कमी गरम पाह्यजा.’

देवरावांना एक गोष्ट बरोबर सापडली होती, ती त्यांच्या पदरात टाकली पाहिजे. मनगट खाली दाबलं की बोटं थोडी सैल होतात. त्यांनी मनगट वाकवलं, बोटांच्या फटीतून एक नग तूप चोपडून आत सरकवला, आणि मनगट सोडलं. क्षणभर फार बरं वाटलं. ऊब आत पसरली. मी म्हणालोही, ‘वा.’ मग रोडगा वरून फुटला. रोडगा वरून निवतो, आत वाफ धरून ठेवतो, हे वऱ्हाडात दुधाचे दात पडलेल्या पोरालाही माहीत असतं. आम्ही दोघंही नातवंडांच्या वयाला टेकलेले.

भाजलं की माणूस हातातली वस्तू टाकतो. माझी मूठ उलटी आवळली. मी जितका ओरडलो तितकी ती अधिक आवळली. देवराव बोटं ओढायला लागले तशी आणखी. पंगतीतली माणसं आधी हसली, कारण मी नेहमीच काहीतरी सोंग करतो. माझा लौकिकच तसा. मी बोंबलतोय, हात हवेत नाचवतोय, मुठीतून वाफ निघतेय आणि लोक मांड्या थोपटताहेत. मग कातडी करपल्याचा वास आला. तो गोवरीच्या धुरात मिसळला. तेव्हा सगळे गप्प झाले.

सुमन वाढायचं सोडून धावत आली. तिनं कळशीतलं पाणी मुठीवर ओतलं आणि पळीच्या दांड्यानं रोडगा कोरून कोरून काढला. चुरा निघाला तेवढा निघाला.

उरलेला आत राहिला.

त्याच्या पुढचा आठवडा आठवला की आजही अंगावर काटा येतो. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, मलम दिलं. मूठ उघडत नाही तर मलम लावणार कुठे? आम्ही ते बोटांच्या पाठीवर लावलं, म्हणजे घर पेटलं म्हणून शेजाऱ्याच्या भिंतीवर पाणी मारलं. आत काय चाललं होतं ते दिसत नव्हतं. भिजलेलं पीठ, तूप, घाम, फोडाचं पाणी. आधी आंबलेल्या कणकेचा वास आला. मग तो मागे पडला आणि मेलेल्या उंदराचा आला. मी स्वतःच्या शरीरापासून तोंड फिरवून झोपायला लागलो. हात उशीखाली घालावा तर डोक्याजवळ, पांघरुणात घ्यावा तर सगळं अंथरूण. शेवटी एका पिशवीत घातला, वर गाठ मारली. घाम येऊन तो आणखी पिकला.

आणि त्याच आठवड्यात देवरावांच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा.

जायला नको होतं. पण गेलो नसतो तर देवरावांना वाटलं असतं की रोडग्याचा राग आला. अल्लीपूरला त्यांच्या अंगणात मांडव, सतरंज्या, मुलाकडची मंडळी पुलगावहून आलेली. मी मुलीचा मोठा मावसा म्हणून मला अगदी पुढे, देवरावांच्या मांडीला मांडी लावून बसवलं. बूट-चपला बाहेर. मी हातावर उपरणं टाकलं, उपरण्यावर अत्तर शिंपडलं. अत्तरानं त्या वासाचं काही बिघडलं नाही. मेलेल्या उंदराला नुसता गजरा घातल्यासारखं झालं.

मुलाच्या आजीनं पहिल्यांदा पदर नाकाला लावला. मग मुलाच्या काकांनी माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, ‘काई मेलं का जी इथं?’

माणसाला अशा वेळी दोन वाटा असतात. एक, खरं बोलावं. दुसरी सुचायला माझ्यासारखी बुद्धी लागते.

‘देवरावचे पाय आहेत,’ मी कुजबुजलो. ‘बूट काढले का असंच होते. पन मानूस सोन्यासारखा आहे.’

वर प्रशस्तिपत्रही दिलं, बघा.

हे कुजबुजणं मांडवातून फिरत फिरत देवरावांच्या कानापर्यंत कुणी पोचवलं मला माहीत नाही. पण ते एकदम उठले आणि मोरीकडे गेले. पाण्याचा आवाज आला. परत आले तेव्हा पायांना चंदनाच्या साबणाचा भपकारा. येऊन माझ्या शेजारी बसले. वास होताच, मी तिथंच होतो ना. आजीचा पदर नाकावरून हलेना. देवरावांनी मान खाली घालून स्वतःच्या तळपायांकडे पाहिलं. मुलीचं लग्न जुळतंय आणि बापाच्या पायांमुळे पाहुणे नाक धरून बसलेत, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ते पुन्हा उठले. पुन्हा पाण्याचा आवाज. या खेपेला बराच वेळ. घासण्याचाही.

मी शेवयांची खीर खात होतो. डाव्या हातानं.

परतताना एसटीत सुमन खिडकीशी बसली. खिडकी उघडी, बाहेरचा वारा सुरीसारखा, आणि सुमन ती बंद करत नव्हती.

‘देवरावजीच्या पायाले वास नाई,’ ती म्हणाली.

‘तुले कसं मालूम?’

‘काऊन सोंग करता जी? रोज सकाळी ती पिशवी कोन सोडते? भाईरून पुसते मी, अन् आत जाता येत नाई. तुम्ही तोंड तिकडे करून बसता. माह्या नाकाले काय कुलूप आहे?’

आठवडाभर तिनं चकार शब्द काढला नव्हता. मला वाटत होतं घरात वास फक्त मला येतो.

‘मले तो हात धुता आला पायजे,’ ती म्हणाली. ‘त्यानं तुम्ही वांगे तोडा नका तोडू. मले आतून धुता आला पायजे. बस.’

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी हात हुंगला नाही. हुंगायची गरज नव्हती. म्हणाले, नखं तळव्यात रुतताहेत, जखम चिघळते आहे. औषध चालू करू. मूठ सैल झाली नाही तर पुढे स्नायूंच्या दोऱ्या कापून बोटं सोडवावी लागतील. आणि आम्हाला फिजिओथेरपीच्या खोलीत पाठवलं.

तिथली मॅडम नागपूरची. वयानं माझ्या मुलीसारखी, नजर सासूसारखी.

‘चेंडू दाबायचात का काका?’

‘दिवसभर,’ मी अभिमानानं म्हणालो.

‘हाताला मिटणं येतंच होतं. उघडणं येत नव्हतं. तुम्ही जे येत होतं तेच पाठ करून घेतलंत.’

‘आणि भाजलं कशानं?’ मॅडमनीच पुढे विचारलं.

मी छताकडे पाहिलं. सुमननं सांगितलं, ‘रोडग्यानं.’

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ‘खायचा रोडगा?’

‘हो.’

‘मुठीत?’

‘हो.’

त्या उठून दुसऱ्या खोलीत गेल्या. भिंतीपलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. परत आल्या तेव्हा चेहरा गंभीर होता, पण डोळे पुसलेले होते.

मग त्यांनी शॉक वेव्हचं सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढे विजेचा खांब आला. त्या म्हणाल्या, यात करंट नसतो, ठोके असतात. दाबाच्या लाटा. कातडीवरून आत स्नायूपर्यंत जातात, आवळलेला स्नायू काही दिवस, काही आठवडे सैल पडतो. तेवढ्या काळात आपण ताणून घ्यायचं, पट्टी बांधायची. आधी जखमेपासून लांब, नुसत्या कोपराखाली. तळवा मोकळा होऊन जखम भरली की मग तळव्यात.

‘म्हणजे पुढच्या हिवाळ्यात या हातानं जेवीन?’ मी विचारलं.

‘नाही काका. तसं मी म्हणणार नाही. हात कामाला लागेल असं सांगून तुम्हाला इथवर बोलावणं बरोबर नाही. मूठ उघडून धुता यावी, नखं कापता यावीत, इतकंच आपण धरून चालू.’

मला संताप आला. सगळं घर नाक मुठीत धरून बसलंय, वर्ध्याला हेलपाटे घालायचे, तेवढं मोठं यंत्र लावायचं, आणि मिळवायचं काय तर धुता येणारा हात! सहा महिन्यांच्या पोराचाही असतो तेवढा. मी सुमनकडे वळलो, ती काहीतरी बोलेल म्हणून. ती मॅडमना विचारत होती, ‘सोमवारी आलो तर चालते का?’

त्या यंत्राचंही मला काही कौतुक वाटलं नाही. टेबलाएवढं खोकं, त्याला नळी, नळीला सुताराच्या दुकानातल्यासारखा दस्ता. आधी हातावर गार, बुळबुळीत जेल थापतात. शेंबड्या पोरानं हातावर नाक पुसावं तसं वाटतं. मग दस्ता टेकवतात आणि सुरू. टकटकटकटक. दुखणं असह्य नव्हे, पण अपमानास्पद. कुणीतरी उद्धटपणे दार ठोकतंय आणि घरात आपण आहोत हे त्याला माहीत आहे, असं. ठोक्यांबरोबर माझे गाल हलत. खोटे दात वाजत. शेजारच्या खाटेवरचा, गुडघ्याला शेक घेणारा एक म्हातारा कौतुकानं म्हणाला, ‘बोअरवेल मारून राह्यल्या का बाई?’

‘काका, हात ढिला सोडा,’ मॅडम म्हणत.

‘ढिला सोडता आला असता तर मी इथं कायले आलो असतो?’

‘बरं, मग तोंड तरी ढिलं सोडू नका.’

पहिल्या सोमवारी काही झालं नाही. म्हणजे हात लाल झाला आणि मी चिडून घरी आलो. पुढच्या खेपेला मॅडमनी ठोके देऊन झाल्यावर मनगट खाली वाकवलं, अगदी देवरावांसारखं, आणि एकेक बोट बुडातून धरून, घाई न करता, सोडवायला सुरुवात केली. आधी करंगळी. ती सुटली. मग तिच्या शेजारची. मधलं बोट अडलं, थरथरलं, थांबलं, सुटलं. सुमन टेबलावर वाकून पाहत होती. कधी नव्हे ते मीही पाहिलं.

ते लिहिणं भाग आहे. तळवा पांढराफटक, सुरकुतलेला, डोहात बुडून वर आलेल्या वस्तूसारखा. मधोमध लाल, ओली जखम, कडेला नखांच्या चार कोयऱ्या. रेषांच्या खाचांत काळपट चिखल. माझी आयुष्यरेषा बुरसली होती. आणि अंगठ्याच्या बुडाशी, हिरवट लव आलेला, करंगळीच्या पेराएवढा रोडग्याचा तुकडा. तुपासकट.

मी तिथंच ओकलो. मॅडमनी पायानं कचऱ्याची टोपली सरकवली, बोटं न सोडता. त्यांना सवय असावी. सुमननं एका हातानं माझं कपाळ धरलं आणि दुसऱ्या हातानं पदर नाकाला न लावता, ओल्या कापसानं तो तुकडा उचलला. उजेडात धरून पाहिला.

‘देवरावजीचा,’ ती म्हणाली. आणि हसायला लागली. हसता हसता तिनं माझा तळवा आतून पुसला. एकदा, दोनदा, कापूस बदलून पुन्हा. तिची बोटं माझ्या तळव्याला लागत होती आणि मला ती कळत होती. मूठ मिटल्यापासून त्या जागेला पहिल्यांदा कुणाचं बोट लागत होतं. मी पुन्हा टोपलीत वाकलो, त्यामुळे त्या क्षणाचं जे काही व्हायचं होतं ते झालं नाही.

फाल्गुनापर्यंत जाणं-येणं चालू राहिलं. जखम भरली. पुढे तळव्यातही ठोके दिले; तिथं मात्र मी मॅडमच्या माहेरचा उद्धार तेवढा करायचा बाकी ठेवला. आता झोपताना पट्टी बांधतो, सकाळी सुमन ताणून देते, मध्येच मूठ घट्ट झाली की पुन्हा वर्ध्याला. हा हात वांगं तोडत नाही. सदऱ्याचं बटण लावत नाही. डास बसला तर पाहत राहतो. मॅडम खोटं बोलल्या नव्हत्या, आणि याचा मला अजूनही राग आहे. थोडं खोटं बोलायला काय हरकत होती?

देवरावांना खरं कळलंच. सुमननं बहिणीला सांगितलं, बहिणीनं नवऱ्याला, तेही मुलीचं लग्न लागल्यानंतर. लग्नात ते भर उन्हाळ्यात बूट घालून मांडवभर फिरत होते; होमाजवळ भटजींनी सांगितलं तेव्हाच काढले, आणि आधी आजूबाजूला पाहून. त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. फोन आला तर म्हणत, ‘सुमनबाईले द्या.’ सगळ्या दुखण्यांवर औषध सांगणारा माणूस माझ्याशी गप्प बसला. मला वाटलं होतं सुटलो. पण पाऊसकाळभर कुणी मला कबुतराबिबुतराचं काही सांगितलं नाही, आणि घर सुतकी वाटायला लागलं.

तर हा हिवाळा. परवाच आमच्या वावरात रोडगे झाले. सुमननंच ठरवलं. मी विरोध केला. धूर आला की मळमळतं म्हणालो. ‘तुम्ही धुराकडे पाठ करून बसजा,’ ती म्हणाली. आणि बहिणीला फोन करून वर, ‘त्याईलेही घेऊन येजो.’

देवराव आले. पायांत चपला. रामराम नाही, काही नाही. पंगत पडली तेव्हा नेमकी माझ्या शेजारची जागा उरली होती. ती कुणी उरवली हे मी सांगायला नको. ते बसले. मांडी घालून, पाय धोतराखाली पूर्ण झाकून. विस्तवाकडे मी पाहत नव्हतो. माझ्याकडे ते पाहत नव्हते. गोवऱ्यांचा धूर दोघांच्या मधून जात होता.

सुमन कळशी घेऊन हात धुवायला पाणी घालत आली. आमच्याकडे पंगतीच्या आधी असं ओळीनं पाणी घालतात. मागच्या वर्षी माझ्यापाशी आली की ती डाव्या हातावर धार धरून पुढे सरकायची. या वर्षी ती थांबली.

‘तो काढा,’ ती म्हणाली.

‘राहू दे वं. सगळे पाहून राह्यले.’

‘काढा म्हटलं ना.’

मी उपरण्याखालून उजवा हात काढला. तिनं बोटं धरून तळवा उताणा केला. पुरता नाही उघडत, द्रोणाएवढा उघडतो. तिनं वरून पाणी ओतलं. विहिरीचं, मार्गशीर्षातलं, बर्फासारखं. तळव्याच्या त्या द्रोणात ते क्षणभर थांबलं. मी पाहिलं, त्यात वरचं आभाळही थोडं होतं.

मग गार पाणी हाताला कळलं. मूठ खटकन मिटली आणि ते सगळं पाणी चिळकांडीसारखं उडून देवरावांच्या तोंडावर बसलं.

मागच्या वर्षी हसून जे झालं ते सगळ्यांना आठवत होतं. या खेपेला कुणी हसलं नाही. देवरावांच्या मिशीवरून पाणी गळत होतं. त्यांनी ते पुसलं. पुसलेला हात नाकाशी नेला. सावकाश हुंगला, वैद्यासारखा डोळे मिटून. मग, सगळ्यांच्या देखत, माझी मूठ धरून वर ओढली आणि बोटांच्या फटीत नाक खुपसलं.

सुमन कळशी धरून उभी होती.

‘साबनाचा आहे,’ देवराव म्हणाले.

मुलीच्या लग्नानंतरचे त्यांचे माझ्याशी पहिले शब्द. त्यांनी माझी मूठ खाली ठेवली, नीट, माझ्या मांडीवर. मग जागच्या जागी मागे रेलून धोतर वर केलं आणि दोन्ही पाय माझ्या पत्रावळीशी, अगदी माझ्या नाकापुढे आणले.

‘हं,’ ते म्हणाले, ‘आता तू घे.’